गंमत समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची?

सोलापुरात बदली होऊन आलेला परप्रांतीय अधिकारी भाड्याचे घर पाहायला जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. घरमालक चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतो, "येतंय की साहेब, रोज येतंय. फक्त रोज वेगळ्या पेठेत येतंय." बरोबरचा एजंट मान वळवून हसू लपवतो. अधिकाऱ्याला पहिले वाक्य कळते, दुसरे तो किरकोळ तपशील समजून सोडून देतो, आणि पुढच्या आठवड्यात पिंप विकत घेताना त्याला दोन्ही वाक्यांचा मिळून अर्थ लागतो. हा प्रसंग मी नमुन्यादाखल रचला आहे. पण या शहरात काही वर्षे काढलेल्या कोणालाही तो रचलेला वाटणार नाही.

घरमालक खोटे बोललेला नाही, आणि अधिकारी मंदबुद्धीही नाही. त्या दोन वाक्यांच्या पाठीशी जे आहे ते एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक आहे. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने येणारे पाणी, भीमेवरच्या बंधाऱ्यातला साठा, एकोणिसाव्या शतकातला हिप्परगा तलाव, पेठापेठांत काही दिवसांआड फिरणारा पुरवठा, समांतर जलवाहिनीची वर्षानुवर्षे चाललेली चर्चा आणि पाणी सुटण्याच्या वेळेवरून ठरणारे लग्नाचे, कपडे धुण्याचे, अगदी पाहुण्यांना बोलावण्याचेही वेळापत्रक, हे सगळे त्या 'वेगळ्या पेठेत' दडलेले आहे. सोलापूरकर हसतो तो या साठ्यावर. ज्याच्याकडे तो साठा नाही, त्याच्यापर्यंत केवळ एक माहितीवजा वाक्य पोहोचते.

अशा वेळी गंमत समजावून सांगावी की नाही, आणि सांगायची झाल्यास ती कोणी सांगावी, हा प्रश्न वरवर दिवाणखान्यातला वाटतो. माझ्या मते तो सार्वजनिक प्रश्न आहे, आणि सोलापूरसारख्या शहरात तर तो फारच सार्वजनिक आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एका चौकात, एका दुकानात, पुष्कळदा एकाच घरातही बोलली जाते. वैद्यकीय महाविद्यालयात अखिल भारतीय कोट्यातून दूरदूरचे विद्यार्थी येतात, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आणि बँकांत सगळ्या प्रांतांचे लोक बदलून येतात. आतल्यांची गंमत बाहेरच्याच्या डोक्यावरून जाणे हा येथे अपवाद मानता येत नाही, तो नेहमीचा व्यवहार आहे.

या बाबतीत आपल्याकडे एक मत जवळजवळ सिद्धान्तासारखे वापरले जाते : समजावून सांगावा लागला तर तो विनोद कसला. हे मत मला चुकीचे वाटते, आणि सोयीचेही वाटते. सोयीचे अशासाठी, की ते नेहमी आतला माणूस उच्चारतो. ज्याला विनोद कळलेला नाही तो असे कधी म्हणत नाही. समजावण्याचे कष्ट टाळायचे असतात, आपल्या वर्तुळाची वीण घट्ट आहे याचे समाधानही सोडवत नाही, आणि या दोहोंना कलात्मक शुचितेचे कारण देता आले की मन मोकळे होते.

खरे तर आपली परंपरा या मताच्या विरुद्ध साक्ष देते. सोलापूर जिल्ह्यातच असलेल्या पंढरपुरात वारीच्या दिवसांत एकनाथांचे भारूड होते. भवानी आईला रोडगा कबूल करणारी बाई अत्यंत भाविक सुरात एकेक मागणे घालते, की सासरा गावाला गेला आहे तर त्याला तिकडेच संपव, सासू जाच करते तर तिचाही निकाल लाव. ही थट्टा आहे असे ती कोठेही दाखवत नाही. नवसाचा सूर शेवटपर्यंत सुटत नाही आणि समोरचा समुदाय पोट धरून हसत असतो. मग भारूडकार किंवा कीर्तनकार थांबतो आणि या सासरचा परमार्थातला अर्थ, माणसाला वेढून राहिलेल्या विकारांचा अर्थ, उलगडून सांगतो. लोक तेही मन लावून ऐकतात, आणि पुढच्या वर्षी तेच भारूड पुन्हा लागले की पुन्हा हसतात. निरूपणाने विनोद मरत असता, तर हा प्रकार चार शतके टिकलाच नसता.

पंडितांच्या बाजूलाही हेच दिसते. तेलंगणातील कोलाचलच्या मल्लिनाथाने कालिदास, भारवी, माघ यांच्या काव्यांवर टीका लिहिल्या, त्यांत श्लेष आणि आडवळणाचे टोमणे तो सरळ फोडून दाखवतो. त्याने काव्याचा जीव घेतला असा आरोप शतकानुशतके त्याच्या आधाराने ती काव्ये वाचणाऱ्या कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याने स्वतःला घातलेली अट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे : निराधार काही लिहायचे नाही आणि अनावश्यक काही सांगायचे नाही. गंमत समजावणाऱ्याला याहून चांगला नियम सापडणे कठीण.

कारण समजावण्याची वाईट रीतही असते आणि बहुतेकांचा अनुभव तिचाच असतो. "म्हणजे मला असं म्हणायचं होतं की पाणी रोज येत नाही" हे स्पष्टीकरण निरुपयोगी आहे, कारण ते गमतीचा कलाटणीचा भाग सपाट करून पुन्हा वाढते आणि ज्या माहितीच्या अभावी ती कळली नव्हती ती माहिती देतच नाही. त्याउलट, घरमालकाने "अहो, आमच्याकडं पाण्याची पाळी असते, आज या पेठेत, उद्या त्या पेठेत, मध्ये तीन-चार दिवस कोरडे" एवढे सांगून गप्प बसावे. अधिकारी पहिल्या गमतीवर हसणार नाही, हे खरेच. ती वेळ गेलेली असते. पण चार दिवसांनी कार्यालयात कोणी "आज आमच्या पेठेची दिवाळी" म्हणाले की तो सर्वांबरोबर हसेल, आणि आणखी महिन्याभराने तोच अशी एखादी गंमत करील. स्पष्टीकरण झालेल्या विनोदासाठी नसतेच. ते पुढच्या विनोदासाठी असते. झालेला विनोद त्याने वाचतो की मरतो, हा हिशेबच चुकीच्या ठिकाणी मांडलेला आहे.

समजावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, याचा एक किस्सा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतःच सांगत असत. पदावरून उतरल्यानंतर जपानमधील एका महाविद्यालयात त्यांनी भाषणात एक छोटा विनोद सांगितला, दुभाष्याने तो थोडक्या शब्दांत उरकला आणि सभागृह मोठ्याने हसले. आपल्या विनोदाला इतका प्रतिसाद कसा मिळाला याचे कार्टरांना नवल वाटले, आणि विचारल्यावर दुभाष्याने कबूल केले की, अध्यक्षांनी गमतीदार गोष्ट सांगितली आहे, सर्वांनी हसावे, एवढेच त्याने सांगितले होते. किस्सा गोड आहे. पण आपल्याकडे परभाषक सहकाऱ्याला "काही नाही, जोक होता" म्हणून गप्प करणारे हेच करत असतात. हशा जमतो, माणूस जिथल्या तिथे राहतो.

येथवर मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोललो आहे, आणि त्या आता सुट्या करायला हव्यात. एक आहे आतल्यांची गंमत, जिला सामायिक माहिती लागते. दुसरी आहे मख्ख चेहऱ्याने केलेली गंमत, जिच्यात बोलणारा मुद्दाम कोणतीच खूण ठेवत नाही. पहिली कळली नाही तर ऐकणाऱ्याला निदान एवढे समजते की लोक हसत आहेत आणि आपल्याला कारण ठाऊक नाही. त्याला ओशाळे वाटेल, पण तो विचारू शकतो. दुसरी कळली नाही तर येथे हसण्यासारखे काही आहे याचाच त्याला पत्ता लागत नाही, म्हणून तो विचारतही नाही. तो त्या वाक्यावर विश्वास ठेवून पुढे काम करू लागतो. पहिल्या प्रकारात अपमान होतो, दुसऱ्यात नुकसान. घरमालकाच्या वाक्यात दोन्ही मिसळलेले होते, म्हणून ते मी सुरुवातीला घेतले.

हे केवळ दूरदेशीच्या माणसांत घडते, असेही नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राची मंडळी आपापसांतल्या फलकावर एक काल्पनिक कोडे चघळत होती, की खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब असेल तर काय होईल. त्यावर एकाने अगदी गंभीर सूचनेच्या भाषेत लिहिले की, भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला असून किंचित आगीचेही नुकसान झाले आहे. आधीची चर्चा न वाचलेल्यांना तो खराच इशारा वाटला. गमतीला काहीतरी खूण हवी यावर मग बराच खल झाला, आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाल्मन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून तयार होणारा आडवा हसरा चेहरा सुचवला. आज आपल्या प्रत्येक फोनवर असलेल्या हसऱ्या चेहऱ्यांचे मूळ हे असे एका मख्ख विनोदात आहे. एकाच विद्यापीठातली, एकाच विषयातली, एकच भाषा बोलणारी हुशार माणसे जिथे फसली, तिथे न कळणाऱ्याला बावळट ठरवण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

दोन्ही बाजूंची भाषा एक असूनही रीत वेगळी असली, तर किंमत फार मोठी मोजावी लागते. कोरियाच्या युद्धात एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर ब्रिटिश तुकडी चिनी सैन्याच्या प्रचंड हल्ल्याखाली सापडली होती. त्या लढाईच्या हकिगतीत असे सांगितले जाते की, ब्रिटिश ब्रिगेडियरने आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती 'जरा अवघड' असल्याचे कळवले. ब्रिटिश कानाला याचा अर्थ विनाश ओढवला आहे असा होता. अमेरिकन कानाला तो 'कठीण आहे, पण निभेल' असा लागला, आणि माघारीची वा कुमकीची निकड वरपर्यंत पोहोचली नाही. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन त्या लढाईत जवळजवळ संपूर्ण मारली गेली किंवा कैद झाली. संकट कमी करून सांगण्याची ब्रिटिश रीत आणि आपल्या मेमध्ये पारा त्रेचाळीसवर गेल्यावर "आज जरा ऊन पडलंय म्हणायचं" असे म्हणणारा सोलापूरकर, यांचे नाते फार जवळचे आहे. आपल्या माणसांत ही रीत धीर देते. रीत न जाणणाऱ्याच्या हाती पडली की ती चुकीची बातमी होते.

सरकारी दवाखान्यातले एक दृश्य कल्पून पाहावे. अक्कलकोटकडचा एक म्हातारा शेतकरी बाह्यरुग्ण विभागात बसला आहे, आणि चार महिन्यांपूर्वी केरळातून आलेला, मराठी कष्टाने शिकलेला तरुण डॉक्टर त्याला विचारतो, की गोळ्यांनी बरे वाटते का. म्हातारा शांतपणे म्हणतो, "गोळ्या लई भारी हायत. रोग पण खूश हाय." डॉक्टरला 'भारी' आणि 'खूश' हे दोन शब्द कळतात आणि तो त्याच गोळ्या आणखी पंधरा दिवसांसाठी लिहून देतो. येथे म्हाताऱ्याला दोष द्यायला माझे मन धजत नाही. दुखणे सांगताना रडायचे नाही ही त्याची आयुष्यभराची शिस्त आहे, आणि त्या खोलीत सत्ताही त्याच्याकडे नाही. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने "म्हणजे बरं वाटतं की नाही वाटत?" असे दुसऱ्यांदा विचारणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, आणि शेजारच्या टेबलावरची सोलापूरची परिचारिका जर गालात हसली असेल, तर तिने हसून झाल्यावर डॉक्टरला अर्थ सांगणे हा तिच्या कामाचा. अनोळखी भाषेत काम करणाऱ्यांना आपण व्याकरण शिकवतो, अर्जांचे नमुने देतो. रुग्ण उपहासाने बोलतात तेव्हा कसे बोलतात, याचा एक तास कोणत्याही प्रशिक्षणात ठेवला तर तो वाया जाणार नाही.

यातून जबाबदारीची माझी वाटणी तयार होते. जो त्या जागी अधिक आतला आहे आणि अधिक अधिकाराचा आहे, त्याच्यावर समजावण्याचा भार अधिक. दोन गुण एकाच माणसात एकवटले, म्हणजे आतलाही तोच आणि वरिष्ठही तोच, तर त्याने नवख्यासमोर मख्ख चेहऱ्याची गंमत करूच नये, किंवा केली तर त्याच बैठकीत सोडवून द्यावी. नवीन कारकुनाला साहेबाने गंभीरपणे "रविवारी पण येत चला" म्हणावे आणि त्याने खरोखर यावे, यावर पुढे वर्षभर हसणारी कार्यालये आहेत. त्यांना वाटते की ही फिरकी आहे. फिरकी घेणाऱ्याला उलट फिरकी घेण्याची मुभा असावी लागते, आणि ती मुभा त्या कारकुनाला नाही. म्हणून हा विनोदाचा व्यवहार नसून आज्ञाधारकतेची परीक्षा आहे.

जुन्या तमाशाने ही अडचण फार शहाणपणाने सोडवली होती, असे मला वाटते. बतावणीत सोंगाड्या राजाला, पाटलाला, देवालाही निर्विकार चेहऱ्याने काहीबाही सुनावतो. पण तो सोंगाड्या आहे हे त्याच्या पेहरावावरून, त्याच्या जागेवरून, त्याच्या येण्याच्या क्रमावरून सगळ्या गावाला ठाऊक असते. वाक्यात खूण नसते, कारण ती चौकटीतच असते. शिमग्याच्या बोंबांचे तेच. पुण्याच्या पाट्यांचे तसे नाही. त्या चौकटीविना भिंतीवर लटकतात, म्हणून पुणेकराला त्यांत मार्मिकता दिसते आणि सोलापूरहून गेलेल्याला उद्धटपणा, आणि मला वाटते दोघेही बरोबर असतात.

चौकट तुटली की काय होते, हे प्रसारमाध्यमांनी वारंवार दाखवले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीने आपल्या प्रतिष्ठित वृत्त-कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांना लगडलेली स्पॅगेटी शेतकरी कुटुंबे तोडत असल्याचे चित्रण दाखवले आणि त्याला आवाज दिला रिचर्ड डिंबलबी यांनी, ज्यांच्या तोंडून ब्रिटनने युद्धाच्या आणि राजघराण्याच्या बातम्या ऐकल्या होत्या. तारीख हीच खूण होती. तरीही स्पॅगेटी तेव्हा बहुसंख्य ब्रिटिश घरांना अपरिचित असल्यामुळे अनेकांनी झाड कसे लावायचे हे विचारायला फोन केले, आणि टोमॅटो सॉसच्या डब्यात स्पॅगेटीची एक काडी खोचून ठेवा, असे तितक्याच गंभीरपणे त्यांना सांगण्यात आल्याचे नोंदले गेले आहे. मला या उत्तरावर हसू येते, आणि त्याच वेळी फोन करणाऱ्याची कीवही येते. त्याने विचारण्याचे धाडस केले होते, म्हणजे ऐकणाऱ्याचे कर्तव्य त्याने पार पाडले होते. त्याला दुसऱ्यांदा फसवणे हा पहिल्या विनोदाइतका निर्मळ प्रकार नाही.

त्या काळी निदान कार्यक्रम आणि तारीख एकत्र होते. आता मजकूर आपल्या चौकटीतून सुटून एकटाच फिरतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये 'द ओनियन' या अमेरिकी उपहासपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांना त्या वर्षीचा जगातील सर्वांत आकर्षक पुरुष जाहीर केले, आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ती बातमी खरी धरून पंचावन्न छायाचित्रांसह सजवून छापली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणच्या एका वृत्तसंस्थेची याच पत्राच्या दुसऱ्या मजकुरावरून अशीच फजिती झाली होती. आपण त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण आपल्या व्हॉट्सॲपच्या गटांत दर आठवड्याला कोणतीतरी उपहासाची ओळ 'अत्यंत महत्त्वाचे, सर्वांना पाठवा' म्हणून येत असते, आणि ती मूळ कोणत्या पानावर, कोणत्या नावाखाली होती हे तिसऱ्या हाताला ठाऊक नसते. उपहास लिहिणाऱ्यांनी आपली खूण चित्राच्या कडेला न ठेवता, जिथून ती कापता येणार नाही अशा ठिकाणी, मजकुराच्या पोटातच ठेवावी, ही मागणी मला वाजवी वाटते. चांगला उपहासकार हे करतोच; त्याच्या तिसऱ्या वाक्यात असा एखादा असंभव तपशील असतो, की लक्ष देऊन वाचणारा तिथे अडखळतो.

ही जबाबदारी सभ्यतेची आहे, दंडसंहितेची नाही, हे मात्र लगेच स्पष्ट केले पाहिजे. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडमध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला, तेव्हा पॉल चेंबर्स या तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिले की, आठवड्याभरात सुरू झाला नाही तर विमानतळ उडवून देईन. विमानतळाच्या लोकांनी स्वतः ही धमकी खरी नसल्याचा निर्वाळा दिला होता; तरी नियमाप्रमाणे कागद पुढे सरकत गेला, त्याच वर्षी मे महिन्यात त्याला दोषी ठरवून दंड झाला, नोकरीही गेली, आणि जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या साखळीतल्या प्रत्येक माणसाला ती थट्टा असल्याचे बहुधा कळत होते. कळल्याचे सांगण्याची जागा कोणत्याही अर्जावर नव्हती. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ, ज्यात 'त्रास' देणाऱ्या संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि ते योग्यच झाले. खूण ठेवली नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकणे म्हणजे न कळण्याची फी न कळलेल्याने सोडून भलत्यानेच भरणे.

आता सोलापूरचा सर्वांत नाजूक भाग. येथील पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या माग चालवणारा पद्मशाली समाज घरी तेलुगू बोलतो, आणि शहराचा मोठा लिंगायत समाज घरी कन्नड बोलतो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा जाच नाही, तेलुगूतली लिंगव्यवस्था मराठीहून निराळी आहे, त्यामुळे मराठीत टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का, याला त्या मुलांकडे पाठांतराखेरीज उपाय नसतो. या घसरणीवरचे विनोद सोलापुरात विपुल आहेत आणि त्यांतले उत्तम विनोद तेलुगू-कन्नड घरांतच तयार होतात. आपल्याच आजोबांची मराठी नातवंडे जेवताना हुबेहूब करून दाखवतात आणि आजोबाच सर्वांत मोठ्याने हसतात. "काय करूलालास बे" ही आमची सगळ्यांची बोलीही शेवटी अशाच सरमिसळीतून घडली आहे, आणि तिच्यावर पुण्यात कोणी हसले की चारही भाषांचा सोलापूरकर एकदम चिडतो.

परंतु तीच नक्कल वर्गातल्या मास्तरांनी केली की ती वेगळी होते, आणि मख्ख चेहऱ्याने केली की आणखी वेगळी. चौथीतल्या मुलीने "माझी बाबा आली" असे वाचले, आणि गुरुजी गंभीरपणे "वा, काय सुंदर मराठी" म्हणाले. वर्ग हसला, मुलीला वाटले, वर्ग कौतुकाने हसला. ती घरी जाऊन आईला आनंदाने सांगते. स्तुतीच्या रूपाने निंदा करण्याला आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती म्हणून मानाचे स्थान आहे, पण तो अलंकार बरोबरीच्यांसाठी आहे, राजसभेत कवीने राजासाठी वापरायचा. नऊ वर्षांच्या मुलीवर तो वापरणे शौर्याचे नाही. शिवाय तिला आपली चूक कळलीच नाही, म्हणजे शिकवणेही झाले नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही, की अशा सावधगिरीने बोलणेच बेचव होईल. प्रत्येक वाक्यामागे हसरा चेहरा चिकटवत बसावे लागेल. मला तशी भीती वाटत नाही. कट्ट्यावर वीस वर्षे एकत्र बसणाऱ्यांना खूण लागत नाही आणि ती मागण्याचा मला अधिकारही नाही. त्यांच्यात कोणी नवीन येऊन बसेल तेव्हा एक वाक्य जास्त बोलावे, एवढेच मागणे आहे, आणि एका जादा वाक्याने शेंगाचटणीचा तिखटपणा जात नाही. ऐकणाऱ्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे. "गंमत करताय का?" हे विचारण्यात कमीपणा नाही, आणि विचारण्याआधीच दुखावून घेऊन तक्रार लिहायला बसण्यात मोठेपणा नाही. ज्या गटात हा प्रश्न सहज विचारता येतो आणि त्याला सरळ उत्तर मिळते, तिथे मख्ख चेहऱ्याचा विनोद बेलाशक चालावा.

शिवाय समजावून सांगण्याचा एक उपयोग असा आहे, जो न समजावणाऱ्यांना बहुधा चांगला ठाऊक असतो. "अहो, गंमत केली" ही ढाल पुढे करून जे बोलले जाते, त्यात गंमत किती आणि तुच्छता किती हे ओळखायला स्पष्टीकरणाइतकी खात्रीची कसोटी नाही. पाण्याची गंमत घरमालक त्या अधिकाऱ्याला सगळ्या संदर्भासह, चहा पीत, डोळ्याला डोळा देऊन सांगू शकतो. सांगताना दोघे मिळून महापालिकेवर हसतील. आजोबांच्या मराठीची गंमत नातू आजोबांनाच सांगू शकतो. पण कोणा जातीवर, कोणा वस्तीवर, विडी वळणाऱ्या बायांच्या बोलण्यावर केलेला एखादा टोमणा त्या बाईसमोर बसून "तुमच्याबद्दल आम्ही असे असे धरून चालतो, म्हणून हे हास्यास्पद वाटले" अशा पूर्ण वाक्यांत सांगायची वेळ आली, तर सांगणाऱ्याचा आवाज दुसऱ्या वाक्याला अडकतो. तेव्हा अपमान गिळून हसण्याऐवजी, किंवा भांडण काढण्याऐवजी, अशा माणसाला शांतपणे एवढेच म्हणावे, की मला नाही कळला, जरा समजावून सांगा. आणि त्याने "जाऊ द्या हो" म्हटले, तर जाऊ देऊ नये.